खैरगावचं पहिलं ताट

६ नोव्हेंबर, बुधवार

आज खैरगावला बसमधून उतरलो तर भैयाजींच्या भोजनालयाचं फाटक बंद. दारावर खडूनं लिहिलेलं, 'मालक दवाखान्यात'. भाऊबीजेच्या दिवशी मोरीत घसरून पडले म्हणे, खुब्याचं हाड मोडलं. शेजारच्या पानठेल्यावर वामनराव उभे होते. बुटीबोरीच्या कापड गिरणीतून निवृत्त झालेला हा गृहस्थ जवळजवळ माझ्याएवढंच जुनं गिऱ्हाईक. आम्ही दोघं उगाच दहा मिनिटं बंद फाटकाकडे बघत राहिलो आणि नागपूरची परतीची बस पकडली.

घरी बायको, प्रमोदिनी, म्हणाली, आज समितीची बैठक लवकर आटोपली वाटतं. मी म्हटलं, कोरम नव्हता.

ही समिती काय आहे ते इथं एकदा लिहून टाकतो. आमच्या घराण्यात सात पिढ्यांत कुणी अंडंसुद्धा फोडलेलं नाही. सिंचन खात्यात असताना उमरेडच्या दौऱ्यावर एका ओव्हरसिअरनं मला खैरगावला जेवायला नेलं आणि तिथं मी बाटलो. तेव्हापासून, एकतीस वर्षं, दर बुधवारी संध्याकाळी मोहल्ल्यातल्या वाचनालयाच्या समितीची बैठक असते. मी निवृत्त झालो तरी समिती बरखास्त झालेली नाही. अगदी सुरुवातीला प्रमोदिनीनं शर्ट धुवायला घेताना विचारलं होतं, याला जवसाच्या तेलाचा वास कसा? मी ताबडतोब सांगितलं की वाचनालयाची सागवानी कपाटं जुनी आहेत, वाळवी लागू नये म्हणून त्यांना तेल चोळतात. तिनं मान डोलावली. भोळी आहे. तेव्हापासून बुधवारचा शर्ट ती वेगळा भिजवते आणि गुरुवारी सकाळी न मागता दहीभात करते. बैठकीतल्या समोशांनी मला पित्त होतं असं तिला वाटतं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

भैयाजी घरी आले आहेत. भोजनालयाच्या मागंच घर. ऑपरेशन झालं, पण चुलीपुढं उभं राहणं आता विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलंय. खाटेवर पडल्या पडल्या ते छताकडे बघत होते. मी संत्री नेली होती, काटोलची. त्यांनी एक हातात घेतलं, नाकाशी नेलं आणि खाली ठेवलं. करोनापासून त्यांना वास येत नाही. ही गोष्ट त्यांनी फक्त मला आणि वामनरावांना सांगितलेली आहे. लोकांना कळलं तर म्हणतील, नाक गेलेल्या माणसाच्या हातचं काय खायचं.

त्यांची नात मयुरी पुण्याहून आली आहे. हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली, तिथल्या एका मोठ्या हॉटेलच्या मुदपाकखान्यात तीन वर्षं काढलेली. ती नोकरी सोडून आली आणि आता ही जागा मी चालवणार म्हणते. मात्र आहे तशी नाही. गॅस्ट्रोपब करणार, म्हणे बीअरबरोबर भारी जेवण मिळायची जागा. भैयाजी म्हणाले, "गॅस्ट्रोनं माणसं दवाखान्यात जातेत वं बाई. थे नाव कायले लावून राहिली?"

मला हसू आलं. पण नव्या जागेत पहिलं ताट चाखायची जुनी रीत राहील की नाही, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान. खैरगावला सगळं बंद, तिकडं जाऊन उपयोग नव्हता, पण बुधवारी घरी बसलो तर प्रमोदिनीला शंका येईल म्हणून खरोखरच वाचनालयात जाऊन बसलो. एकतीस वर्षांत प्रथमच. तेही मतदानामुळे बंद होतं. दोन तास पायरीवर बसून डास मारले.

४ डिसेंबर, बुधवार

आज सगळं पाहून आलो. वाटलं होतं तेवढं वाईट नाही, आणि हेच जरा मनाला लागलं.

पुढची मोठी खोली म्हणजे भैयाजींच्या आजोबांचं मागघर. कोष्टी माणसं, उमरेडी काठाची लुगडी विणायची. पलीकडे तेव्हा सरकारमान्य दारूची भट्टी होती. भट्टीवरून उठलेल्या माणसाला जेवायला लागतं, म्हणून भैयाजींच्या आजीनं मागच्या अंगणात हंडी चढवली आणि मागावर जे भागत नव्हतं ते हंडीवर भागू लागलं. पुढं माग गेले, बाकं आली, परवाना आला. आम्ही ज्या फळ्यांवर पाय ठेवून जेवत होतो, त्यांच्या खाली मागाचा खड्डा आहे हे मला आज कळलं. मयुरीनं फळ्या काढून त्यावर जाड काच बसवली आहे आणि आत दिवा. खड्ड्यात विणताना आडवं सूत फेकायचा एक जुना धोटा सापडला, तोही तिथंच ठेवलाय. वामनराव काचेवर पाय ठेवायला तयार नव्हते. कडेकडेनं गेले.

बाकं गेली, खुर्च्या आल्या. काउंटरवर तांब्याचे नळ आहेत, त्यातून संत्र्याची बीअर येणार. ताटं काळ्या दगडाची. मी विचारलं, रस्सा सांडणार नाही का? मयुरी म्हणाली, रश्शाला वाटी आहे काका, तुम्ही मले इतकी अडाणी समजता का?

मग तिनं स्वतःच विषय काढला. म्हणाली, पहिलं ताट ठेवणार. ती रीत माझ्या आजीची आहे.

रुख्माबाई, भैयाजींची बायको, माळकरी होती. जन्मभर मटण रांधलं, पण एक थेंब जिभेवर ठेवला नाही. वासावर रांधायची. म्हणून हंडी उतरली की पहिलं ताट सगळ्यांत जुन्या गिऱ्हाईकासमोर जायचं. त्यानं तीन घास खायचे. आधी नुसता रस्सा, मग भाकरीबरोबर, मग मटण. मग 'चालू द्या' म्हणायचं. तोवर कुणालाही वाढायचं नाही, मग आमदार येऊन बसलेला असो. मान हलवली तर हंडी परत. आधी हे ताट एका शाळामास्तरांकडे होतं. ते गेल्यावर अठरा वर्षं माझ्याकडे आहे. अठरा वर्षांत मी चार वेळा हंडी परत पाठवली. रुख्माबाईनं एकदाही वाद घातला नाही. ती गेल्यावर भैयाजी रांधू लागले आणि नाक गेल्यावर तर ते सर्वस्वी माझ्या शब्दावर चालले.

खात्यात मी अधीक्षक होऊन निवृत्त झालो, पण माझ्या शब्दावर तिथं पंखासुद्धा बदलला जात नसे. हे मी कुणाला सांगू शकत नाही, म्हणून इथं लिहितो. आयुष्यात मी बरंच खोटं बोललोय. त्या ताटावर कधीच नाही.

भैयाजींनी मयुरीला एकच अट घातली आहे. पाटीवर त्यांचं नाव तेव्हाच लागेल, जेव्हा तिच्या हंडीचं पहिलं ताट पास होईल. नाहीतर काच लाव, नळ लाव, पण नाव दुसरं शोध.

१२ डिसेंबर, गुरुवार

संकट. अदितीचा बंगलोरहून फोन. बावीस जानेवारीला आमच्या लग्नाला छत्तीस वर्षं होतात, म्हणून ती येते आहे आणि तिनं इंटरनेटवर पाहून आम्हा तिघांसाठी जेवणाचं टेबल राखून ठेवलं आहे. उमरेड रोडला एक ऐतिहासिक जागा नव्यानं उघडते आहे, तिथं शाकाहारीही छान मिळतं म्हणे, खैरगाव नावाचं गाव आहे, बाबा तुम्हाला माहीत आहे का?

मी म्हटलं, ऐकून आहे. प्रमोदिनी फोनजवळच होती. म्हणाली, जाऊ या की, मलाही एकदा बघायचंय.

बावीस जानेवारी हा बुधवार आहे. उद्घाटनाचा दिवस. दुपारी बारा वाजता सगळ्या गावासमोर भैयाजी हाक मारणार, वसंतराव, ताट. आणि शेजारी प्रमोदिनी.

तब्येतीचं निमित्त काढावं का?

१८ डिसेंबर, बुधवार

लिहायला हात होत नाही, तरी लिहितो.

आज मयुरीनं पहिल्यांदा हंडी उतरवली. उद्घाटनाआधीची तालीम. भैयाजींना खुर्चीत बसवून आणलं होतं. पोर पहाटे पाचपासून राबत होती, मसाला स्वतः पाट्यावर वाटलेला, डोळे सुजलेले. माझ्यासमोर ताट ठेवलं आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. ही चार वर्षांची असताना माझ्या पिशवीतून लिमलेटच्या गोळ्या काढून खायची.

मी रस्सा घेतला. तिखट बरोबर, मीठ बरोबर, रंग बरोबर. आणि तरीही खैरगावचा रस्सा नाही. कुठल्याही चांगल्या हॉटेलात मिळेल असा. भाकरीबरोबर घेतला, तेच. मटणाचा तुकडा घेतला, तेच. काय कमी आहे ते सांगता येईना. सांगता येत नसेल तर मान हलवायची आणि गप्प बसायचं, ही रीत मला पाठ आहे. पण तिचा चेहरा पाहिला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "चालू द्या."

मयुरी खाली बसून रडायलाच लागली. वामनरावांनी टाळ्या वाजवल्या. भैयाजी माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, मले आत घेऊन चला.

घरी आल्यावर प्रमोदिनीनं शर्ट हातात घेतला, जरा थांबली आणि बाकीच्या कपड्यांतच टाकला. म्हणाली, आज कपाटांना तेल लावलं नाही वाटतं.

मी म्हटलं, शिपाई रजेवर आहे.

१९ डिसेंबर, गुरुवार

आज दहीभात नव्हता. विचारलं तर म्हणाली, लागणार नाही असं वाटलं.

१ जानेवारी, बुधवार

मयुरीनं आज पंचवीस माणसं जेवायला बोलावली होती, पाहुणे, मित्रमंडळी, मोबाइलवर खाण्याचे व्हिडिओ करणारी दोन पोरं. सगळ्यांनी फोटो काढले. छान म्हणाले. काचेचं कौतुक, नळांचं कौतुक. पाटवडी लाकडी काड्यांना टोचून दिली होती, ती उचलून उचलून पाहिली.

मी हात धुवायला मागं गेलो आणि उष्ट्या वाट्यांचा ढीग पाहिला. प्रत्येक वाटीत रस्सा उरलेला. एकतीस वर्षांत या जागेत मी वाटीत रस्सा उरलेला पाहिला नव्हता. लोक भाकरीनं वाटी पुसत, मग बोटानं.

मयुरी तिथं उभी होती. तिनं मला विचारलं, काका, बरोबर आहे ना? मी म्हटलं, नवी माणसं आहेत, तिखट झेपलं नसेल. एक खोटं झाकायला दुसरं. भैयाजी आज बाहेर आलेच नाहीत. मी आलोय असा निरोप पाठवला होता, तरी मला आत बोलावलं नाही.

८ जानेवारी, बुधवार

आज सांगून टाकलं.

जेवायची वेळ नसताना गेलो, दुपारी तीनला. भैयाजी अंगणात उन्हात बसले होते, वॉकर शेजारी. मी उभ्या उभ्याच म्हटलं की त्या दिवशी मी खोटं बोललो, रस्सा बरोबर नव्हता.

"मले मालूम आहे," ते म्हणाले. "तुमचं टक्कल कोरडं होतं."

अठरा वर्षं ते ताटाकडे बघत नव्हते, माझ्या डोक्याकडे बघत होते. पहिल्या घासाला माझ्या कपाळावर घाम येतो, दुसऱ्याला टकलावर, तिसऱ्याला मी रुमाल काढतो. नाक गेल्यापासून ते एवढ्यावर हंडी ओळखतात. मी विचारलं, मग तेव्हाच का बोलला नाहीत?

"तुम्ही सांगान म्हणून थांबलो. दुसऱ्यानं सांगून काय उपयोग गा?"

मयुरी दारात येऊन उभी होती, मला दिसलीच नाही. तिनं सगळं ऐकलं. मला वाटलं रडेल, पण ती संतापली. म्हणाली, "काका, मले पहिल्या दिवसापासून वाटून राहिलं होतं का काहीतरी कमी आहे. तुम्ही चालू द्या म्हणाले, म्हणून मी समजली का माझीच जीभ बिघडली पुण्यात राहून. तीन आठवडे मी सोताले दोष देऊन राहिली."

मला लाज वाटली. खरं सांगितलं असतं तर ती एक दिवस रडली असती. दया दाखवून मी तिचं तीन आठवड्यांचं नुकसान केलं.

काय कमी आहे, ते मात्र अजूनही मला सांगता येत नाही. मसाला तोच, पाटा तोच, बोकड त्याच खाटकाकडचा. उद्घाटनाला चौदा दिवस. भैयाजी शेवटी म्हणाले, "बावीस तारखेले पुन्हा ताट येईन. आता कोपऱ्यात नाही. मधात उभं राहून, सर्वे ऐकतीन असं सांगायचं. नाही म्हणायचं असन तं नाही म्हणा. माझ्या नावाचं मी पाहून घेतो."

मधात उभं राहून. प्रमोदिनीसमोर.

१० जानेवारी, शुक्रवार

दोन दिवस अन्न गोड लागत नाही. आज दुपारी पानात भाकरी, वांग्याची भाजी आणि डाव्या बाजूला ताजी कुटलेली जवसाची चटणी. कच्चं तेल सोडलेलं, तेही जवसाचं. ते तेल आमच्याकडे कधी आणत नाहीत. मी विचारलं तर म्हणाली, इतवारी बाजारात गेले होते, घाण्यावर मिळालं. बऱ्याच दिवसांत घरात तो वास नाही, चुकल्या चुकल्यासारखं वाटत होतं.

मी घास तोंडात घातला आणि थांबलो. तेल.

रुख्माबाई जवसाच्या तेलात रांधायची. भैयाजीही. ते धूर निघेपर्यंत तापवायचं, मग कांदा. मयुरीच्या रश्शाला तो वासच नव्हता. इतकी साधी गोष्ट माझ्यासारख्या जाणकाराच्या लक्षात यायला तेवीस दिवस लागले, पण शेवटी आली. चटणीमुळे योगायोगानं आली, हे खरं. मी पानावरून उठून हात न धुताच फोन लावायला गेलो. प्रमोदिनी म्हणाली, आधी भाकरी संपवा, वाचनालय कुठं पळून जात नाही.

११ जानेवारी, शनिवार

सकाळच्या पहिल्या बसनं खैरगाव. मयुरी फोनवर नीट बोलली नव्हती, पण आज तिनं चहा दिला. तेलाचं विचारलं तर तिनं कपाळावर हात मारला. मागच्या खोलीत चिठ्ठी नसलेले चार डबे होते. उघडले तर उग्र वास. पुण्याच्या हॉटेलात शिकवलंय, असा वास आला की तेल खवट झालं समजायचं आणि टाकायचं. तिनं चारही डबे फेकून दिले आणि रिफाइंड आणलं. लहानपणी तिनं तो रस्सा शेकडो वेळा खाल्ला, पण कच्चं तेल कधी नाकाशी नेलं नव्हतं.

ती आत जाऊन भैयाजींना म्हणाली, आबाजी, तुम्ही मले तेलाचं काहून नाही सांगतलं?

भैयाजी चकितच झाले. "तेलाचं का सांगायचं असते? पाणी ओलं असते, हे सांगतो का आपण?"

शंभर वर्षं त्या घरात दुसरं तेल आलंच नव्हतं. त्यामुळे ते सांगावं लागेल असं कुणाच्या मनातच आलं नाही. नाक शाबूत असतं तर त्यांना खाटेवरूनच कळलं असतं. मयुरीनं त्याच पावली स्कूटर काढली आणि उमरेडच्या घाण्यावर गेली.

मी म्हटलं, उद्या येऊन चाखतो. भैयाजी नाही म्हणाले. आता चाखायचं ते बावीसलाच, सर्वांबरोबर.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. प्रमोदिनीनं तिळगूळ देताना म्हटलं, गोड बोला. मी म्हणणार होतो की मला काही सांगायचं आहे. तेवढ्यात शेजारच्या बायका वाणाला आल्या.

२१ जानेवारी, मंगळवार

अदिती आली. घर भरल्यासारखं झालंय. आज तीनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा प्रमोदिनी देवपूजेत होती. दुसऱ्यांदा मी सुरुवात केली, 'वाचनालयाचं असं आहे की', तर ती म्हणाली, त्याचं राहू द्या, उद्या कुठली साडी नेसू ते सांगा. मी निळी म्हटलं. तिनं उमरेडी काठाची जुनी लाल काढून ठेवली. तिसऱ्यांदा धीर झाला नाही.

उद्या जर रस्सा बरोबर नसला तर मला सत्तर माणसांसमोर त्या पोरीला नाही म्हणावं लागेल. बरोबर असला तरी घरची एकतीस वर्षं उघडी पडतील. दोन्हींतून सुटका नाही. पण आज मला एवढं पक्कं कळलंय की खोटं बोलणार नाही. दुसऱ्यांदा नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

कालचं आज सकाळी लिहितोय.

पावणेबाराला पोचलो. फाटकाला आंब्याची तोरणं, वरच्या पाटीवर पांढरं कापड. सगळी टेबलं भरलेली, उमरेडचे, नागपूरचे, गावातली म्हातारी माणसं स्वच्छ धोतरात. आमचं टेबल काचेच्या खड्ड्याला लागून होतं. प्रमोदिनीनं खाली वाकून धोटा पाहिला आणि म्हणाली, माझ्या आजीकडे असाच होता. वामनराव लांबून मला ओळख दाखवावी की नाही या विवंचनेत छताकडे बघत होते.

बारा वाजता भैयाजी वॉकर टेकत मधोमध आले. मयुरी मागं, हातात ताट. काळ्या दगडाचं नव्हतं. रुख्माबाईचं जुनं पितळी.

"वसंतराव," भैयाजींनी हाक मारली. "ताट."

मी उठलो. प्रमोदिनीकडे वळून म्हटलं, "मला तुला काही सांगायचं आहे. ती समिती..."

"नंतर," ती म्हणाली. "आधी ताट बघा. लोक उपाशी बसलेत."

अदिती तोंड उघडं टाकून आम्हा दोघांकडे बघत होती.

मी मधोमध गेलो, उभ्यानं वाटी उचलली. नुसता रस्सा. गळ्याखाली उतरेपर्यंत काही नाही आणि मग तो धुराचा, मातीचा, कडवट वास नाकातून वर चढला. कपाळावर घाम. भाकरीचा तुकडा मोडून बुडवला. टकलावर घाम. मटणाचा तुकडा घेतला आणि घाई केली नाही. नीट चावला. मयुरीनं डोळे मिटले होते. मी खिशातून रुमाल काढला आणि भैयाजी हसले, पण बोलायचं मला होतं.

मी मोठ्यानं म्हटलं, "मागच्या महिन्यात मी या मुलीला खोटं सांगितलं होतं. तिची शंका बरोबर होती आणि माझा शब्द चूक. आज खरं सांगतो. ही हंडी रुख्माबाईची आहे. चालू द्या."

त्यानंतर जो गलका झाला तो मला लिहिता येणार नाही. वामनराव काचेवरून धावत आले. मयुरीनं आधी आबाजींच्या पायांवर डोकं ठेवलं, मग माझ्या. भैयाजींनी स्वतः दोरी ओढली आणि कापड खाली आलं. पाटी त्यांनी आधीच रंगवून घेतली होती, हे तेव्हा कळलं. 'भैयाजी रुख्माबाई सावजी. भोजन व पेय'. गॅस्ट्रो कुठंच नव्हतं.

मी टेबलाशी परत आलो. प्रमोदिनीनं पाण्याचा पेला पुढं केला. तेवढ्यात शाकाहारी ताटं निघाली आणि तिनं मयुरीला हात करून थांबवलं. विचारलं, पाटवडीच्या रश्शाचं पहिलं ताट कोण बघतं? मयुरी गोंधळली. कुणीच नाही, म्हणाली. शाकाहारी माणूस इथं कधी जुना झालाच नाही.

"मग मी बघते," प्रमोदिनी म्हणाली.

तिनं रस्सा घेतला, मग भाकरीबरोबर, मग पाटवडी. तीन घास, अगदी रीतीप्रमाणे, जणू कुणी शिकवलं असावं. आणि मान हलवली. पाटवडीचं बेसन कच्चं राहिलं आहे, म्हणाली, अजून एक वाफ द्या. भैयाजींनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग मयुरीला खूण केली. हंडी परत गेली. पंधरा मिनिटं अर्धी खोली रिकाम्या ताटांसमोर बसून राहिली आणि कुणी कुरकुर केली नाही. दुसऱ्यांदा ताट आलं तेव्हा तिनं तिन्ही घास पुन्हा खाल्ले. पदरानं कपाळ टिपलं आणि म्हणाली, "आता चालू द्या."

भैयाजी म्हणाले, बाई, बुधवारी मोकळ्या असता का?

पुढचं जेवण मी असं जेवलो की सांगता सोय नाही. संत्र्याची बीअर अदितीनं माझ्यासमोर ठेवली आणि मी बायकोच्या देखत प्यालो. वाट्या पुसून परत जात होत्या. मी मुद्दाम मागं जाऊन पाहिलं, एकीतही रस्सा नव्हता.

निघताना अदिती गाडी काढायला गेली आणि आम्ही दोघं कडुलिंबाखाली उन्हात उभे होतो. मी म्हटलं, तुला कधीपासून माहीत आहे? ती म्हणाली, दुसऱ्या बुधवारपासून. सागवानाला वाळवी लागत नाही, एवढं तिच्या वडिलांच्या घरी लहान मुलालाही ठाऊक होतं, आणि शर्टाच्या खिशात खैरगावच्या बसचं तिकीट होतं. मी विचारलं, मग एकतीस वर्षं बोलली का नाहीस? रागावली का नाहीस?

"रागावले असते तर तुम्ही जायचं थांबवलं असतं आणि दर बुधवारी घरात तोंड पाडून बसला असतात," ती म्हणाली. "पण तुमच्यावर रागच धरायचा तर आज धरते. तुम्ही इथं खाता-पिता ते मला माहीत होतं. तुमच्या एका शब्दासाठी एवढी माणसं हात आवरून बसतात, हे कधी सांगितलं नाहीत. ते मला आवडलं असतं हो."

अदितीनं गाडी आणली, दार उघडलं, दोनदा हाक मारली. मी रुमाल काढून डोळे टिपत होतो. प्रमोदिनीनंच तिला सांगितलं, जरा थांब, बाबांना रस्सा तिखट लागलाय.